व्याख्यानाआधीचा चहा

पीएचडीला प्रवेश घेतलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत एक गोष्ट जाणवते आणि ती त्याला आधी कुणीच सांगितलेली नसते: आता आपल्याला कुठेही वेळेवर पोचायचं नाहीये. शाळेपासून पदवीपर्यंत घंटा होती, तास होते, हजेरी होती. एम.ए., एम.एस्सी.लाही वर्ग होता, वर्गातली भांडणं होती, परीक्षेआधीची एकत्र जागरणं होती. कोर्सवर्क संपलं की हे सगळं एकदम थांबतं. उरतं एक टेबल, एक गाईड आणि चार-पाच वर्षांनी कधीतरी येणारी सबमिशनची तारीख, जी अजून कुणी ठरवलेलीच नसते. मंगळवार आणि रविवार यांच्यात फरक काय, तर रविवारी ग्रंथालय लवकर बंद होतं.

त्यातून शहर नवं असलं तर विचारूच नका. नोकरी करणाऱ्याला त्याचं ऑफिस असतं, पदवीच्या मुलांना त्यांचा घोळका असतो. तिशीकडे झुकलेला संशोधक यातल्या कशातच धड बसत नाही. घरमालकाला तो विद्यार्थी वाटतो, त्यामुळे भाडं वेळेवर मिळेल का याची शंका. विद्यार्थ्यांना तो सर वाटतो, त्यामुळे तो आला की बोलणं थांबतं.

विद्यापीठांना हे कळत नाही असं नाही. म्हणून तर सत्राच्या सुरुवातीला कार्यक्रमांची नुसती झुंबड उडते. स्वागत मेळावा, ग्रंथालयाची फेरी, शहरदर्शन, संशोधन पद्धतीची कार्यशाळा, ताणतणावांवर एक व्याख्यान (जे नेमकं सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रबंधाचा गोषवारा द्यायच्या, तारखेच्या आदल्या दिवशी ठेवलेलं असतं). पहिल्या मेळाव्याला सभागृह भरतं. प्रत्येकजण प्रत्येकाला विचारतो, ‘तुमचा विषय काय?’ आणि उत्तर पुरतं ऐकायला कुणी थांबत नाही. दोनअडीच महिन्यांनी त्याच सभागृहात आयोजक, वक्ता, वक्त्याचा मित्र आणि चुकून आत आलेला एखादा श्रोता एवढेच उरतात.

मी या दोन्ही बाजूंना बसले आहे. आधी श्रोत्यांत, मग काही वर्षं आमच्या विभागातल्या संशोधकांची दर आठवड्याची बैठक चालवणाऱ्यांत. तेव्हापासून मोठ्या कार्यक्रमांवरचा माझा विश्वास उडाला आणि लहान, रटाळ वाटणाऱ्या, न चुकता होणाऱ्या कार्यक्रमांवर बसला. संशोधकाला लागतात ती न बांधलेली माणसं: ज्यांना त्याचं ऐकण्याची सक्ती नाही, ज्यांच्या हातात त्याचे गुण किंवा फेलोशिप नाही, आणि जी पुढच्या आठवड्यातही तिथेच सापडतील. हे एका मेळाव्यात जमत नाही.

गंमत अशी की विद्यापीठ नावाची गोष्ट मुळात याच गरजेतून उभी राहिली. इटलीतल्या बोलोन्याचं विद्यापीठ आपलं स्थापनावर्ष 1088 सांगतं. तिथे कायदा शिकायला येणारी मंडळी सगळीच कोवळी पोरं नव्हती. बरेचसे वयाने मोठे, आल्प्सपलीकडून आलेले, काही तर आधीच चर्चच्या सेवेत असलेले. म्हणजे आजच्या भाषेत पदव्युत्तर विद्यार्थीच. परक्या शहरात त्यांना नागरिकांचे हक्क नव्हते. एखाद्या व्यापाऱ्याने कर्ज बुडवलं, तर त्याच्याच मुलखातला म्हणून विद्यार्थ्याकडून ते वसूल करण्याची पद्धत होती. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने 1150च्या दशकात एक फर्मान काढून विद्यार्थ्यांच्या बाबतीत याला मनाई केली. पण फर्मान दूर असतं आणि घरमालक जवळ. तेव्हा या परक्या मंडळींनी आपापल्या मुलखाप्रमाणे गट बांधले, गटांचा मिळून संघ केला, आणि प्राध्यापकांना पगारही तेच देऊ लागले. पुढच्या काळातले तिथले नियम आज वाचताना हसू येतं. प्राध्यापक उशिरा आला तर दंड. घंटा झाल्यावरही बोलत राहिला तर दंड. अवघड उतारा गाळून पुढे गेला तर दंड. गावाबाहेर जायचं तर आधी अनामत रक्कम ठेवायची. हे वाचून आमच्या बैठकीतला एकजण म्हणाला होता, ‘आपल्याकडे एवढंच उलटं आहे, बाकी सगळं तसंच.’

तसंच म्हणजे घरभाडं. बोलोन्यात भाडी ठरवायला विद्यार्थ्यांचे आणि शहराचे प्रतिनिधी एकत्र बसत. केंब्रिजमध्ये 1231 साली राजा तिसऱ्या हेन्रीने हुकूम काढला की दोन मास्तर आणि दोन भले नागरिक यांनी मिळून खोल्यांची भाडी ठरवावीत, कारण घरमालक अडवून पैसे घेत होते. ऑक्सफर्डमध्ये तर 10 फेब्रुवारी 1355 ला गुत्त्यातली वाईन बेचव आहे एवढ्यावरून विद्यार्थी आणि गुत्तेवाला यांच्यात जुंपली, ती दंगल पसरत गेली आणि परंपरेने सांगतात की 63 विद्यार्थी-पंडित त्यात मारले गेले. त्याचं प्रायश्चित्त म्हणून नगराध्यक्षाला दर वर्षी त्या दिवशी चर्चमध्ये हजर राहून मेलेल्या प्रत्येक पंडितामागे एक पेनी असा दंड भरावा लागे, आणि हे 1825 पर्यंत चालू होतं. शहर आणि कॅम्पस यांचं नातं सुरुवातीपासून हे असं. आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी कुठल्या कार्यक्रमाला झाली असेल? नामवंत वक्त्यांच्या नव्हे. एका वकील बाईंनी भाडेकरार ओळ न् ओळ वाचून दाखवला, त्याला. माणसं खिडकीत उभी होती.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती मात्र फार छोटी घटना आहे. 1909 सालची थंडीतली सकाळ. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर हॅरी एडमंड्स नावाच्या गृहस्थांनी समोरून येणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याला सहज ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं. ते वायएमसीएचं काम करत, विद्यापीठाशी त्यांचा थेट संबंध नव्हता. तो विद्यार्थी थांबला आणि म्हणाला की न्यूयॉर्कला येऊन मला तीन आठवडे झाले, माझ्याशी आपणहून बोललेले तुम्ही पहिलेच. एडमंड्सना ते लागलं. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी घरी बोलवायला सुरुवात केली. घर पुरेना, तेव्हा क्लब निघाला. क्लब पुरेना, तेव्हा रॉकफेलरांच्या पैशातून मोठी इमारत उभी राहिली. न्यूयॉर्कचं ते इंटरनॅशनल हाउस 1924 मध्ये उघडलं, पाठोपाठ 1930 मध्ये बर्कलीत आणि 1932 मध्ये शिकागोत तशीच घरं झाली. माझं लक्ष जातं ते मधल्या पंधरा वर्षांकडे. इमारत नव्हती, निधी नव्हता, होता तो फक्त रविवार. इमारत आधी बांधून मग माणसं शोधण्याची आजची रीत तेव्हा नव्हती, हे बरंच झालं.

याच कोलंबियात जुलै 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर पोचले. मुदत तीन वर्षांची. सुरुवातीला एका वसतिगृहात, मग हिंदी विद्यार्थी राहत त्या क्लबात, आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. मैत्री अशी जमली की ती जन्मभर टिकली. बाबासाहेबांच्या त्या वर्षांबद्दल आपण मराठी माणसं साधारणपणे एकच गोष्ट सांगतो: अठरा-अठरा तास अभ्यास, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जमवलेला ग्रंथसंग्रह. ते खरंच आहे. त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम घेतले, असं त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. पण मला त्या काळातली सगळ्यात महत्त्वाची तारीख वाटते ती 9 मे 1916. त्या दिवशी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला.

जरा थांबून त्या खोलीची कल्पना करावी. वाचणारा पंचविशीतला विद्यार्थी. त्याचा मुख्य विषय अर्थशास्त्र, म्हणजे ही खोली त्याच्या विभागाची नाही. समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी जात हा प्रकार पुस्तकात वाचलेला, त्याने तो अंगावर घेतलेला. आणि तो त्यांच्यापुढे करुण कहाणी मांडत नाही. जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग, आणि त्या बंदिस्तीचं यंत्र म्हणजे जातीअंतर्गत विवाह, हा सिद्धांत तो मांडतो. अतिरिक्त स्त्रीचं काय करायचं, अतिरिक्त पुरुषाचं काय करायचं, या प्रश्नातून सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह कसे निघाले, हे तो पायरी पायरीने दाखवतो. पुढच्याच वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला. शंभर वर्षं उलटली तरी समाजशास्त्राच्या वर्गांत तो वाचला जातो. त्या सेमिनारची सूचना फळ्यावर लागली असेल तर ती कशी दिसत असेल? विषय, नाव, वेळ, खोली क्रमांक. इतर पन्नास सूचनांसारखीच. किती जण ‘आज जमणार नाही’ म्हणून निघून गेले असतील, कोण जाणे.

म्हणून आमच्या बैठकीत वक्ता कोण हे बघून यायचं की नाही ठरवणाऱ्यांचा मला राग येई. अजूनही येतो. सेमिनारला जायचं ते विषय आपला आहे म्हणून नव्हे. विषय आपला असेल तर आपण तो वाचलेलाच असतो. जायचं ते समोरचा माणूस अजून पुरतं न सुचलेलं काहीतरी बोलतोय आणि ते बोलताना त्याला स्वतःलाच कळतंय, हे बघायला. छापील लेखात ही अवस्था पुसलेली असते. पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, जेव्हा आपल्याला काहीच येत नाही अशी खात्री पटलेली असते, तेव्हा दुसऱ्याचं असं चाचपडणं बघण्याइतकं दिलासा देणारं काही नाही.

या चाचपडण्याला गाईड पुरत नाही, आणि पुरावा अशी अपेक्षाही ठेवू नये. गाईड कितीही चांगला असला तरी त्याचं आणि आपलं हित एकाच प्रबंधात अडकलेलं असतं. इरावती कर्वे 1920च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला पीएचडीसाठी गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगन फिशर. गोऱ्यांच्या कवटीची रचना वेगळी, म्हणून त्यांची तर्कबुद्धी श्रेष्ठ, अशा धर्तीचं गृहीतक त्यांना सिद्ध झालेलं हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही वांशिक फरक आढळत नाही असं लिहून दिलं. परक्या शहरात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हातात त्याच्याच मताविरुद्ध. हे धैर्य त्यांचं स्वतःचं होतं. पण साध्या माणसांना असं धैर्य जमवायचं तर आधी कुठेतरी, गाईडच्या खोलीबाहेर, ‘मला आकडे वेगळेच दिसतायत’ हे मोठ्याने म्हणून बघायला जागा लागते. जर्नल क्लबात, म्हणजे छापून आलेले पेपर एकत्र बसून वाचायच्या बैठकीत, आपण दुसऱ्याच्या पेपरच्या चिंध्या करायला शिकतो, तो याचाच सराव.

आता चहाबद्दल. प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये दुपारी चहाला सगळे जमण्याचा प्रघात जुना आहे. 1972 च्या वसंतात ह्यू माँटगोमेरी नावाचा तरुण, केंब्रिजच्या पीएचडीच्या अगदी शेवटच्या टप्प्यातला, तिथे आला होता. मूळ संख्यांच्या गणितात झीटा नावाचं एक फलन येतं. ते जिथे जिथे शून्य होतं त्या जागांमधली अंतरं कशी विखुरलेली असतात याचं एक सूत्र त्याला सापडलं होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. चहाच्या वेळी सर्वदमन चावला या भारतीय गणितज्ञांनी त्याला विचारलं, ‘डायसनना भेटलास का?’ तो म्हणाला, नाही, आणि त्यांना उगाच त्रास नको. चावलांनी ऐकलं नाही. त्याला ओढतच फ्रीमन डायसन यांच्यापुढे उभं केलं. डायसन पडले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी विनयाने विचारलं, सध्या काय चाललंय? माँटगोमेरीने सूत्र सांगितलं आणि डायसन चमकले. जड अणुकेंद्रकांच्या ऊर्जापातळ्यांसाठी ते ज्या यादृच्छिक सारण्यांचा (म्हणजे यदृच्छेने आकडे भरलेल्या चौकटींचा) अभ्यास करत होते, त्यातलंच ते सूत्र होतं. मूळ संख्या आणि अणुकेंद्रक यांना जोडणारं संशोधनाचं एक अख्खं दालन त्या दोन मिनिटांतून उघडलं.

या गोष्टीतले नायक माझ्या मते चावला आहेत. सूत्र त्यांचं नव्हतं, उत्तरही त्यांचं नव्हतं. पण लाजणाऱ्या पोराचा दंड धरून त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेणारा माणूस नसेल तर चहा नुसताच चहा राहतो. प्रत्येक कॅम्पसवर असा एकजण तरी असतो. त्याचं स्वतःचं काम बहुधा रखडलेलं असतं, त्याच्या नावावर पेपर कमी असतात, आणि तो गेला की विभाग अचानक शांत होतो. त्याचं श्रेय कुठल्याही अर्जाच्या रकान्यात बसत नाही. बैठक चालवायला लागल्यावर मी माझ्यापुरता एक नियम केला: चहा व्याख्यानानंतर ठेवायचा नाही, आधी ठेवायचा. नंतर ठेवला की लोक कप घेऊन निघून जातात किंवा वक्त्याभोवती कोंडाळं करतात. आधी ठेवला की कोंडाळं करायला कुणी नसतं, वाट बघावी लागते, आणि वाट बघताना माणसं शेजारच्याशी बोलतात.

शहरानेही कधीकधी हे काम केलं आहे. 1930च्या दशकात ल्वूफ शहरातले गणितज्ञ विद्यापीठाजवळच्या ‘स्कॉटिश कॅफे’त तासन् तास बसत. हे शहर तेव्हा पोलंडमध्ये होतं, आज युक्रेनमध्ये आहे. स्तेफान बानाख, स्तानिस्वाफ माझुर, आणि त्यांच्याबरोबर 1933 मध्ये नुकताच डॉक्टरेट झालेला स्तानिस्वाफ उलाम. गणितं संगमरवरी टेबलांवरच लिहिली जात आणि रात्री ती पुसलीही जात. शेवटी बानाख यांच्या पत्नीने एक जाड वही आणून दिली. 1935 पासून ती कॅफेतच असायची, मागितली की वेटर आणून देई. कुणीही प्रश्न लिहावा, सोडवणाऱ्याला बक्षीस जाहीर करावं. बक्षिसं म्हणजे कुठे बिअर, कुठे जेवण. 1936 मध्ये माझुरने एका प्रश्नाला जिवंत हंस लावला होता. मध्ये महायुद्ध झालं, त्या टेबलांभोवतीची कित्येक माणसं मारली गेली, शहराचा देश बदलला. 1972 मध्ये पेर एन्फ्लो या स्वीडिश गणितज्ञाने तो प्रश्न सोडवला तेव्हा माझुर हयात होता, आणि त्याने खरंच समारंभाने हंस आणून एन्फ्लोच्या हातात दिला. फोटो पाहण्यासारखा आहे: दोघेही गंभीर, हंस त्याहून गंभीर.

आजकाल शहर आणि संशोधक यांची गाठ घालायची अधिकृत पद्धत म्हणजे स्पर्धा आणि महोत्सव. ‘थ्री मिनिट थिसिस’ 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात सुरू झाली. तिकडे तेव्हा दुष्काळ होता आणि अंघोळ तीन मिनिटांत आटपावी म्हणून लोक न्हाणीघरात वेळ मोजायचं छोटं यंत्र लावत. त्यावरून ही कल्पना निघाली. एक स्लाइड, 180 सेकंद, आणि अख्खा प्रबंध. ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायचा तर नऊ तास लागतील, असं ते लोक सांगतात. मी या स्पर्धेकडे फार काळ नाक मुरडून पाहत असे, आणि अजूनही तिच्यातला पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक मला खुपतो. विषयच काही वेळा असा असतो की तीन मिनिटांत तो फक्त गोड करून सांगता येतो. पण तयारी करणाऱ्यांना पाहिलं की मत थोडं मवाळ होतं. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांना स्वतःला विचारावं लागतं की बाहेरच्या माणसाने हे का ऐकावं. याहून मला आवडते ती ‘पाइंट ऑफ सायन्स’ची जन्मकथा. 2012 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या दोन संशोधकांनी पार्किन्सन्स, अल्झायमर्स अशा आजारांच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना प्रयोगशाळा बघायला बोलावलं. ज्या आजारावर वर्षानुवर्षं काम केलं, तो असलेला माणूस समोर उभा राहिला की संशोधकाचंच काहीतरी हलतं. मग त्यांना वाटलं, लोकांना इथे बोलावण्याऐवजी आपणच बाहेर जावं, आणि 2013 पासून पबमधली व्याख्यानं सुरू झाली.

समारोपाचे समारंभही शहराशिवाय फिके असतात. नेदरलँड्समध्ये जाहीर व्हायव्हाची, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेची, वेळ संपली की दंडधारी अधिकारी आत येऊन ‘होरा एस्ट’ (लॅटिनमध्ये ‘वेळ झाली’) म्हणतो आणि उमेदवार वाक्य अर्धवट असेल तर तिथेच सोडतो. बाजूला दोन मित्र उभे असतात, आधाराला. (ही मित्रांची सोय सगळीकडे व्हावी.) फिनलंडमध्ये पदवीदान समारंभात डॉक्टरला उंच टोपी आणि तलवार मिळते. तलवारीला आदल्या दिवशी धार लावायचा वेगळा विधी असतो, त्यात दगडावर पाण्याऐवजी वाईन ओततात. आणि जर्मनीतल्या गटिंगनमध्ये नवा डॉक्टर सजवलेल्या गाडीत बसून गावच्या चौकात जातो, कारंज्यावर चढतो आणि तिथल्या हंसवाल्या मुलीच्या पुतळ्याचं चुंबन घेतो. पुतळा 1901 चा. विद्यार्थी फार धुडगूस घालतात म्हणून 1926 मध्ये नगरपालिकेने चुंबनबंदी केली. कुणी पाळली नाही. पुतळ्याची शंभरी झाली तेव्हा, 2001 मध्ये, बंदी अधिकृतपणे उठवली गेली. आपलं काम संपल्याचं गावाला चौकात जाऊन सांगायचं आणि गावानेही रहदारी थांबवून ते बघायचं, हे मला फार भावतं. बहुतेकांचा शेवट होतो तो मात्र एका खिडकीवर: ‘नो ड्यूज’चा शिक्का, ग्रंथालयाचं कार्ड परत, पुढचा.

गंभीर भाग टाळून चालणार नाही. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने 2019 मध्ये जगभरच्या पीएचडी विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण केलं, त्यात 36 टक्क्यांनी सांगितलं की पीएचडीमुळे आलेल्या चिंतेसाठी किंवा नैराश्यासाठी आपण मदत मागितली. हा मागितलेल्यांचा आकडा. चहा आणि सेमिनार हा त्यावरचा इलाज आहे असं मी म्हणणार नाही. फेलोशिप अडली असेल, गाईड छळत असेल, तर तिथे समुपदेशक, तक्रार समिती आणि वेळेवर पैसे हेच लागतात. पण दर आठवड्याला येणारा माणूस सलग आला नाही की कुणाच्या तरी लक्षात येतं, फोन जातो. मोठ्या मेळाव्यात गैरहजर माणूस दिसतच नाही.

आणि जे मुळात येऊच शकत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न मला बैठक सोडल्यावरही सुटलेला नाही. 1933 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कमला भागवत, म्हणजे पुढे केंब्रिजहून 1939 मध्ये पीएचडी मिळवणाऱ्या कमला सोहोनी, यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्या हटून बसल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी एक वर्ष चाचणीच्या अटीवर घेतलं. तेव्हाचं दार उघडपणे बंद होतं, त्यामुळे त्यावर धडक तरी मारता आली. आजचं बंद दार म्हणजे ‘सायंकाळी 6 वाजता, सर्वांचं स्वागत आहे’ अशी सूचना. सहा वाजता ज्याला पाळणाघरातून मूल आणायचं असतं, जो दिवसा नोकरी करून अर्धवेळ पीएचडी करतो आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, जिला अंधार पडायच्या आत होस्टेल गाठायचं असतं, त्या सगळ्यांचं स्वागत कागदावर झालेलं असतं.

आम्ही बैठक दुपारी दीडला आणली. होस्टेलच्या मुली आणि लहान मुलांच्या आया यायला लागल्या, नोकरी करणारे तुटले. मग एक आठवडा दुपारी, एक संध्याकाळी असं केलं, तर लोकांना वेळ लक्षात राहीना आणि दोन्हीकडची गर्दी आटली. ऑनलाइनही करून पाहिलं. व्याख्यान नीट पोचतं, पण त्याआधीचा चहा पोचत नाही, आणि चावला पडद्यावरून कुणाचा दंड कसा धरणार? आता बैठक चालवणाऱ्या पोरींनी वेळ पुन्हा दीड केली आहे आणि महिन्यातून एकदा शनिवारी सकाळी, मुलांना घेऊन आलात तरी चालेल, असं जाहीर केलं आहे. पहिल्या शनिवारी एका चार वर्षांच्या मुलाने वक्त्याला मध्येच थांबवून त्याच्या आलेखातली रेघ खाली का गेली असं विचारलं, आणि वक्त्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. विभागप्रमुखांना हे शोभत नाही असं वाटतं. त्यांनी तसं लेखी कळवलंय. मला विचाराल तर शनिवार चालू राहावा, आणि विभागप्रमुखांनीही एकदा यावं, चहाच्या वेळेला.